मोठ्या नाट्यगृहाबाहेर, मुंबईत प्रायोगिक नाटक नेमके कुठे करावे?

प्रश्न : सत्तर मिनिटे (गोरेगाव)

नमस्कार. आम्ही पाच जण नोकऱ्या सांभाळून गेले आठ महिने एका सोसायटीच्या हॉलमध्ये दोन पात्रांच्या एका नव्या नाटकाची तालीम करीत आहोत. नाटक सत्तर मिनिटांचे आहे, त्याला मध्यंतर नाही, आणि नेपथ्य म्हणजे एक लोखंडी खाट व पाण्याचे एक पिंप एवढेच आहे. गेल्या महिन्यात मोठ्या हौसेने आम्ही एका मोठ्या नाट्यगृहात कामकाजाच्या दिवशी दुपारचे सत्र मिळवले. प्रेक्षक आले बासष्ट, आणि तेही त्या अवाढव्य प्रेक्षागृहात इतके विखुरलेले बसले, की एकाला हसू आले तर ते शेजारच्यापर्यंत पोचत नव्हते. खाटेवर बसलेल्या बाईचे ओठ थरथरतात आणि ती बोलता बोलता थांबते, हा आमच्या नाटकातला सर्वांत महत्त्वाचा क्षण. तो सातव्या रांगेच्या पलीकडे कोणालाही दिसला नाही, असे नंतर भेटलेल्या प्रत्येकाने सांगितले. दुसऱ्या प्रयोगासाठी मी तिला थोडे मोठ्याने आणि थोडे मोठे करायला सांगणार होतो, पण तसे केले तर आमचे नाटकच उरत नाही.

म्हणून विचारतो. मुंबईत साठ ते शंभर माणसे जवळ बसून नाटक पाहू शकतील अशा जागा आज कोणत्या आहेत? त्या परवडतात का? की सरळ राज्य नाट्य स्पर्धेत उतरावे आणि प्रयोगांचा नाद सोडावा? आणि ज्येष्ठ मंडळी दादरच्या ज्या छबिलदास हॉलची आठवण काढतात, तिथे असे काय होते जे आज नाही? हा शेवटचा प्रश्न टोमणा म्हणून विचारलेला नाही.

उत्तर : जुना प्रेक्षक, माहीम

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या प्रश्नांचे उत्तर बरेचसे त्यातच आहे.

विजया मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० मध्ये ‘रंगायन’ सुरू केली. पुढे त्या संस्थेतून बाहेर पडलेल्या अरविंद आणि सुलभा देशपांडे, अरुण काकडे आदींनी १९७१ मध्ये ‘आविष्कार’ काढली, आणि १९७४ पासून दादरच्या छबिलदास मुलांच्या शाळेचे सभागृह हे या मंडळींचे आणि त्यांच्याबरोबर इतर अनेक संस्थांचे घर झाले. ते नाट्यगृह नव्हते, शाळेचा हॉल होता. मी तिथे जाऊ लागलो तेव्हा नुकता नोकरीला लागलो होतो. हॉलमध्ये उकडायचे, खुर्च्या कुरकुरायच्या, आणि मध्येच बाहेरचा दादरचा गलका आत यायचा. आज कोणी मला तशा खुर्चीवर दोन तास बसवले तर मी पहिल्या अर्ध्या तासातच कंबर धरून उठेन, त्यामुळे त्या जागेच्या सुखसोयींविषयी कोणी गहिवरून बोलू लागले की माझा विश्वास बसत नाही.

तिथे होता तो भरवसा. संध्याकाळी दादरला उतरल्यावर वर्तमानपत्रातली जाहिरात न पाहताही तिकडे वळावे, काहीतरी चालू असणार, आणि नसले तर कोणीतरी नाटकवाला भेटणार, गल्लीतला वडा तर कुठे जात नाही. तेंडुलकरांचे ‘पाहिजे जातीचे’ तिथे झाले, अमोल पालेकरांनी बादल सरकारांचे ‘जुलूस’ केले, पुण्याची थिएटर अकॅडमी आपली नाटके घेऊन यायची. यातले प्रत्येक नाटक चांगले होते असे मुळीच नाही. मी तिथे इतकी कंटाळवाणी नाटके पाहिली आहेत की त्यांची नावेही आता आठवत नाहीत. पण वाईट नाटक पाहून घरी गेलेला माणूस पुढच्या आठवड्यात पुन्हा येत असे, कारण तो नाटकाला नव्हे, त्या जागेला येत असे. नाटक करणाऱ्याला यातून फार मोठी गोष्ट मिळत होती, ती म्हणजे फसण्याची मुभा. मोठ्या नाट्यगृहात एकच सत्र मिळालेल्या तुमच्यासारख्या संस्थेला ही मुभा मिळत नाही. तिथला पहिला प्रयोग फसला की तोच शेवटचा ठरतो.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला छबिलदास सुटले आणि ‘आविष्कार’ माहीमच्या महापालिका शाळेत आली. एलकुंचवारांची ‘वाडा चिरेबंदी’पासून सुरू होणारी वाड्याची नाट्यत्रयी चंद्रकांत कुलकर्णी यांच्या दिग्दर्शनाखाली सलग करण्याचे धाडस याच संस्थेने १९९४ मध्ये केले. म्हणजे जागा बदलली तरी काम थांबले नाही. ते थांबले नाही याचे मोठे श्रेय अरुण काकडे यांना आहे. २०१९ मध्ये ते गेले तोपर्यंत तारखा, पत्रव्यवहार, जमाखर्च आणि रुसवेफुगवे असे सगळे रुक्ष काम दशकानुदशके त्यांनी सांभाळले. आपल्याकडे नाटकाचा इतिहास लिहिताना लेखक, दिग्दर्शक आणि नट यांची नावे येतात. हॉलची किल्ली कोणाकडे होती हे कोणी लिहीत नाही.

तेव्हा माझा सल्ला असा, की पाच जागी एकेक प्रयोग करू नका. एकच जागा धरा, मग ती कितीही साधी असो, आणि महिन्यातला एकच वार ठरवा. समजा, दुसरा शनिवार. त्या दिवशी वीस माणसे आली तरी प्रयोग करा. सहा महिने असे केलेत तर तुमच्या नाटकाचे काय होते ते तुम्हालाच दिसेल.

उत्तर : डिमरवाला

वरचे उत्तर मनापासून पटले, तरी मी प्रकाशयोजना करणारा माणूस असल्यामुळे ‘जागा कितीही साधी असो’ हे वाक्य वाचून पोटात गोळा आला.

साध्या जागेत पहिला घात विजेचा होतो. सोसायटीच्या किंवा शाळेच्या हॉलमध्ये बहुधा पंधरा अँपिअरचे एकदोन सॉकेट असतात. २३० व्होल्टवर एका सॉकेटवरून फार तर सुमारे ३,४५० वॉट घेता येतात, म्हणजे जुन्या पद्धतीचे हजार वॉटचे तीन ‘पार’ (रंगमंचावरचे दिवे) लावले की संपले. चौथा लावलात तर नायिकेच्या सर्वांत हळव्या वाक्याला हॉलमधले पंखेसुद्धा बंद पडतील. हे मी कल्पनेने लिहीत नाही. एका उपनगरातल्या हॉलमध्ये आमच्याच प्रयोगात हे घडले आहे, आणि प्रेक्षकांना तो अंधार दिग्दर्शकाची करामत वाटून त्यांनी टाळ्या वाजवल्या. एलईडी पार फारच कमी वीज खातात, त्यामुळे सहा-आठ दिवे सहज लागतात. मात्र स्वस्तातले एलईडी मंद करताना शेवटच्या टप्प्यात एकदम विझतात, हे तालमीतच पाहून घ्या. तुमच्या नाटकात खाटेवरच्या बाईवरचा प्रकाश सावकाश जाणार असेल, तर तिच्यासाठी जुना एक पिवळा दिवा ठेवा आणि बाकीचे एलईडी लावा.

दुसरी गोष्ट अंधाराची. शाळांना खिडक्या असतात, आणि खिडक्यांवर टाकलेल्या काळ्या कापडातून दुपारी तीन वाजता निळसर उजेड येतोच. म्हणून प्रयोग सूर्यास्तानंतरच लावा किंवा अंधारावर अवलंबून नसलेले नाटक करा. तिसरी गोष्ट आसनांची. सपाट जमिनीवर खुर्च्या मांडल्या की तिसऱ्या रांगेपासून पुढे फक्त डोकी दिसतात, आणि तुमची बाई तर खाटेवर बसलेली आहे! पहिली रांग जमिनीवर सतरंजीवर, दुसरी बाकांवर, तिसरी खुर्च्यांवर, चौथी टेबलांवर ठेवलेल्या बाकांवर, ही जुनी युक्ती आजही चालते, फक्त चौथ्या रांगेत वयस्कर माणसांना बसवू नका.

कागदपत्रांविषयी थोडक्यात सांगतो. सार्वजनिक प्रयोग करायचा तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावे लागते. जागा छोटी आहे म्हणून कोणी विचारणार नाही, अशा भ्रमात राहू नका, आणि हे काम तारीख ठरण्याच्या बरेच आधी करा. पाचशे रुपयांपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटाला जीएसटी लागत नाही, तेव्हा त्या चिंतेत पडण्याचे कारण नाही.

उत्तर : तिसरी घंटा

प्रश्नकर्त्याने जागांची नावे विचारली होती, ती अजून कोणी दिलेली नाहीत, म्हणून देतो.

जुहूचे पृथ्वी थिएटर १९७८ पासून चालू आहे. सुमारे दोनशे आसने, प्रेक्षक तिन्ही बाजूंनी, आणि तिसऱ्या घंटेनंतर कोणालाही आत सोडत नाहीत, हा नियम तर मला मोठ्या नाट्यगृहांतही हवासा वाटतो. त्याचे उद्घाटन गो. पु. देशपांडे यांच्या ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’च्या हिंदी प्रयोगाने झाले होते, हे मराठी माणसे सहसा विसरतात. पण तिथे तारीख मिळणे हे नव्या संस्थेच्या हातात नसते, आणि मराठी प्रयोग हिंदी-इंग्रजीच्या मानाने कमीच होतात. नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात एक्स्पेरिमेंटल थिएटर आहे, जिथे आसनांची मांडणी नाटकानुसार बदलता येते. त्यांचा ‘प्रतिबिंब’ हा मराठी नाट्यमहोत्सवही असतो, परंतु गोरेगावहून तिथे जाणाऱ्या प्रेक्षकाला परतीच्या गाडीचा हिशेब मध्यंतरापूर्वीच करावा लागतो. (तुमच्या नाटकाला मध्यंतर नाही ही त्याची सोय.) प्रभादेवीच्या रवींद्र नाट्य मंदिराच्या संकुलातले आणि बोरिवलीच्या प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृहातले लघुनाट्यगृह या दोन जागा तुमच्या नाटकासाठी मला सर्वांत जवळच्या वाटतात. बोरिवली तर तुम्हाला तीन स्थानकांवर. वर्सोव्याच्या आरामनगरमधल्या बंगल्यांतही छोट्या जागा उघडल्या आहेत. तिथला प्रेक्षक तरुण आणि उत्सुक असतो, पण त्याला मराठी कळेलच असे नाही.

राहिला स्पर्धेचा प्रश्न. स्पर्धेतली बहुतेक नाटके प्राथमिक फेरीच्या एका प्रयोगात मरतात, आणि त्यांचे नेपथ्य कोणाच्या तरी गच्चीवर पावसात भिजत पडते, ही गोष्ट खरी आहे. तरीही ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक १९६७ मध्ये राज्य नाट्य स्पर्धेसाठीच उभे राहिले होते, हे लक्षात ठेवून स्पर्धेला नावे ठेवावीत.

उत्तर : रिकामी खुर्ची

माझे मत ‘जुना प्रेक्षक’ यांच्यापेक्षा वेगळे आहे, आणि ते आदरपूर्वक मांडतो. छबिलदासचा प्रेक्षक दादर, माहीम, गिरगाव, परळ इथे राहत होता. तो चालत किंवा एका बसने येत होता, आणि नाटक संपल्यावर गप्पा मारत घरी जात होता. त्याची मुले आज डोंबिवली, बदलापूर, विरार, नवी मुंबई इथे राहतात. दर दुसऱ्या शनिवारी एकाच जागी प्रयोग लावला, तरी त्यांच्यापैकी किती जण दोन गाड्या बदलून येतील? भरवसा हवा हे मान्य, पण तो भरवसा जागेचाच असला पाहिजे असे नाही. खाट आणि पिंप एवढेच नेपथ्य असलेले नाटक टेम्पोत नव्हे, टॅक्सीच्या टपावर मावते. मग ते प्रेक्षकाकडे का जाऊ नये? एखादे वाचनालय, एखाद्या शाळेची गच्ची, कोणाचा मोठा दिवाणखाना, जिथे चाळीस माणसे बसतील तिथे जावे. तिकीट न लावता प्रयोगानंतर झोळी फिरवावी. आम्ही हे दोन वर्षे केले. एका रात्रीच्या झोळीत टॅक्सीचे भाडे निघाले नाही, तर दुसऱ्या रात्री एका निवृत्त शिक्षिकेने सगळ्या चमूला जेवायला थांबवले आणि नाटकातल्या एका वाक्यावर अर्धा तास हुज्जत घातली. ते वाक्य आम्ही नंतर काढून टाकले. मोठ्या नाट्यगृहातून घरी जाणारा प्रेक्षक हे सांगायला विंगेत येत नाही.

उत्तर : जुना प्रेक्षक, माहीम

प्रेक्षक कुठे राहतो हा ‘रिकामी खुर्ची’ यांचा मुद्दा मी लक्षात घेतला नव्हता, तो बरोबर आहे. माझी स्वतःची मुलगी आता पनवेलला असते. तरी एक शंका राहते. दिवाणखान्यात नाटक पाहणारा माणूस यजमानाचा पाहुणा असतो, आणि पाहुणा सहसा तोंडावर वाईट म्हणत नाही. ओळखीपाळखीचे नसलेले, तिकीट काढून आलेले वीस लोक ज्या शांततेने नाटक नाकारतात, ती शांतताही नटाला कधीतरी ऐकू आली पाहिजे. त्या शिक्षिकाबाई प्रत्येक घरात मिळत नाहीत.

प्रश्नकर्ता : सत्तर मिनिटे

सर्वांचे आभार. काल तालमीनंतर हे सगळे मोठ्याने वाचले. बोरिवलीच्या लघुनाट्यगृहात चौकशी करायला आमच्यातला एक जण सोमवारी जाणार आहे, आणि संहिता मंडळाकडे पाठवण्यासाठी टंकलेखन सुरू केले आहे. तोवर आमच्या सोसायटीच्या हॉलमध्येच येत्या दुसऱ्या शनिवारी सूर्यास्तानंतर अनोळखी चाळीस जणांसमोर तालीमच करून पाहावी असे ठरले. सचिवांनी संमती दिली आहे, पण साडेनऊला हॉल रिकामा हवा आणि सतरंज्या आमच्या आम्ही उचलायच्या. डिमरवाला यांना एक प्रश्न : पिवळा दिवा एकच असेल तर तो खाटेच्या डोक्याच्या बाजूने ठेवावा की समोरून? बाई पूर्ण वेळ खाली मान घालून बसलेली असते.

उत्तर : डिमरवाला

समोरून नको, कपाळ उजळेल आणि ओठ सावलीत जातील. बाजूने आणि खालून, जवळजवळ खाटेच्या उंचीवर ठेवा. पिंपात पाणी भरलेले असेल तर दिवा त्या पाण्यावर टाकून पाहा, परतलेला उजेड चेहऱ्यावर खालून येईल. फक्त वायर पाण्यापासून दूर ठेवा, आणि शनिवारी मी मोकळा आहे, पत्ता निरोपात कळवा.