लिस्बन : दोन दिवसांत काय काय जमेल? मदत हवी आहे (जरा घाई आहे)

रानजाई
नमस्कार मंडळी. लिस्बनला दोन दिवस मिळताहेत, पहिल्यांदाच जातेय. व्हिडिओ बघून बघून डोकं भंजाळलंय. जो तो 'या दहा जागा चुकवू नका' म्हणतो, त्या दहा जागा दोन दिवसांत बसवायच्या कशा ते कुणी सांगत नाही. सध्या असं ठरवलंय : पहिल्या दिवशी सकाळी कार्मोचा पडका मठ, मग किल्ला, आल्फामाची जुनी वस्ती आणि २८ नंबरची ट्राम. दुसऱ्या दिवशी सकाळी बेलेमचा मठ आणि मनोरा, दुपारी शहराबाहेरचं सिंत्रा. जमेल का? तिकिटं आज-उद्या काढायचीच आहेत, कृपया लवकर सांगा.

घाटवाट
आधी चार गोष्टी सांगा. महिना कोणता? दोन दिवस म्हणजे नेमके कोणते वार? बरोबर कोण आहे? मुक्काम कुठे? टेकड्यांचं शहर आहे ते. नकाशावर तीन-चारशे मीटर दिसतात आणि प्रत्यक्षात निम्मा जिना निघतो.

खलाशी
विमानतळावरून टॅक्सी करू नका, मेट्रो थेट आत येते. लाल मार्गाने आलामेडापर्यंत, तिथे बदलून हिरवा मार्ग, की रोसियो. नावेगांते हे प्रवासाचं कार्ड प्रत्येकाचं वेगळं लागतं, एका कार्डावर दोघं जात नाहीत. आणि माझं ऐकाल तर या यादीतलं निम्मं सोडा. काइश दु सोद्रे धक्क्यावरून पलीकडे काशील्यासला फेरी जाते. दहा मिनिटांचा प्रवास, रोजच्या नोकरदारांची बोट. तिच्यातून अख्खं शहर उतारावर मांडल्यासारखं दिसतं. जहाजावर नोकरी केली, बंदरं पुष्कळ पाहिली. शहर पाण्यावरून बघावं असं मला लिस्बनइतकं कुठे वाटलं नाही.

केशरमाड
व्हिसा झालाय का? शेंगेनसाठी तीस हजार युरोचा विमा लागतो. आणि जिथे जास्त रात्री राहणार त्या देशाकडेच अर्ज करायचा असतो, बरेच जण इथे चुकतात.

रानजाई
व्हिसा हातात आहे. विमानतळाचाही प्रश्न नाही, आम्ही पोर्तोहून ट्रेनने येणार आहोत. तिथे माझं कामाचं आहे, ते आटोपून शनिवारी संध्याकाळी सांता अपोलोनिया स्टेशनला उतरू. रविवार आणि सोमवार मोकळे, मंगळवारी सकाळचं विमान. महिना नोव्हेंबर, दुसरा आठवडा. मुक्काम ग्रासा भागात, पैसे भरून झालेत, बदलता येणार नाही. बरोबर बाबा आहेत, वय ७४. शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. गुडघे दुखतात पण चालतात. आता प्लीज कुणीतरी वेळापत्रकाचं सांगा.

घाटवाट
बरं झालं विचारलं. तुमच्या यादीतली काही दारं बंद आहेत. कार्मोच्या मठातलं संग्रहालय रविवारी बंद असतं आणि बेलेमचा जेरोनिमोस मठ आणि मनोरा सोमवारी. तुम्ही नेमकं उलटं धरलंय. दिवसांची अदलाबदल करा : रविवारी बेलेम, सोमवारी जुनं शहर. सोमवारी बाकीची बरीच सरकारी संग्रहालयंही बंद असतात. किल्ला उघडा असतो.

दुसरं, नोव्हेंबरात तिथे साडेपाचच्या आतच सूर्य मावळतो आणि पाऊस असतो. रस्त्यांना बारीक पांढऱ्या चुनखडीच्या चौकोनी दगडांची फरसबंदी आहे. वर्षानुवर्षांच्या चालण्याने ते दगड गुळगुळीत झालेत, ओले झाले की तेल ओतल्यासारखे निसरडे. बाबांना रबरी तळव्याचे बूट घ्या आणि काठी असेल तर तिचं टोपण नवं बसवा. हे आधी, मग तिकिटं.

पाऊलवाट
सिंत्रा काढू नका! रोसियोहून लोकल आहे, चाळीस मिनिटांत पोचता. पेनाचा राजवाडा धुक्यात असला तरी बघण्यासारखा आहे आणि सोमवारी उघडा असतो. मी सकाळी जाऊन दुपारी परत आलो होतो.

घाटवाट
तुम्ही एकटे गेला असाल. सिंत्रा स्टेशनवरून वर जायला ४३४ बसची रांग, पेनाच्या फाटकापासून राजवाड्यापर्यंत पुन्हा चढ, आणि आत शिरायची वेळ तिकिटावर ठरलेली. ७४ वर्षांच्या माणसाला घेऊन दोन दिवसांतला अर्धा दिवस रांगेत घालवायचा? बेलेम आटोपून दुपारी सिंत्रा तर अजिबात नाही, पोचेपर्यंत अंधार पडेल. लिस्बन पाहायला जाताय तर लिस्बन पाहा.

पाऊलवाट
फाटकापासून वर न्यायला गाडी असते. सगळ्या म्हाताऱ्या माणसांना आपण काचेच्या भांड्यासारखं वागवतो हे मला पटत नाही. बाबांना विचारलंय का कुणी?

मीनाक्षी_मावशी
गुडघ्यांबद्दल लिहिते, कारण माझी दोन्ही बदलून झालीत. सगळे चढाला घाबरतात. खरा त्रास उतारावर होतो. व्हिडिओत सांगतात की वर ट्रामने जा आणि आल्फामातून पायऱ्यांनी रमतगमत खाली या. बाबांना तसं आणू नका. पोर्ताश दु सोलच्या सज्जापर्यंत ट्रामने किंवा टॅक्सीने जायचं. तिथे कठड्याशी बसून खाली आल्फामाची कौलं आणि नदी दिसते. परत ट्रामनेच यायचं. खालच्या बाजूने किल्ल्याकडे जायचं असेल तर रुआ दुश फान्केइरुशवर एका साध्या इमारतीत फुकट लिफ्ट आहे. तिने वर गेलं की थोडं चालून दुसरी लिफ्ट. बाहेरून कळतसुद्धा नाही, पाटी बघावी लागते. शिवाय प्रासा दा फिगेइराहून ७३७ ची छोटी बस थेट किल्ल्यापाशी जाते. फ्युनिक्युलरच्या (चढावर दोराने ओढल्या जाणाऱ्या ट्रामच्या) भरवशावर काही ठरवू नका. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यातल्याच ग्लोरियाचा भीषण अपघात झाला, त्यानंतर सगळ्याच थांबवल्या होत्या.

खलाशी
फेरीत एक पायरी चढायची नाही की उतरायची नाही. पुन्हा सांगतो.

मांडवीकाठ
बेलेमला जाणारच असाल तर एक सांगावंसं वाटतं. जेरोनिमोसच्या चर्चमध्ये शिरल्या शिरल्या वास्को द गामाचं थडगं आहे आणि लोक त्याच्यासमोर फोटो काढत उभे असतात. ज्यांच्या आगमनाने आमच्या गोव्यातल्या गावांतली देवळं गेली, १५६० पासून इन्क्विझिशन (चर्चच्या धर्मन्यायालयाचा छळ) सोसावं लागलं, त्यांच्या पुढ्यात आपण रांगेने का उभं राहायचं? मी गेलो तेव्हा बाहेरूनच परतलो.

घाटवाट
मत समजू शकतो, पण तिथला दुमजली क्लॉइस्टर (अंगणाभोवतीची कमानींची ओवरी) दगडी कोरीवकामासाठी बघावा असा आहे. राजा मानुएलच्या काळात सोळाव्या शतकाच्या आरंभी काम सुरू झालं. खांबांना दोरखंडांचे पीळ कोरलेत. मसाल्याच्या व्यापारावरच्या करातून तो उभा राहिला, म्हणजे आपल्याच किनाऱ्यावरच्या मिऱ्यांचा पैसा. तो बघायचा हक्क आपला जास्त आहे.

देवघाट
अवांतर : नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली मोठी घंटा पोर्तुगीज बनावटीची आहे, तिच्यावर १७२१ साल आहे. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली तेव्हाच्या अशा घंटा आपल्याकडच्या बऱ्याच देवळांत आहेत. ज्यांना हा विषय प्रिय आहे त्यांनी लिस्बनच्या तोर्रे दु तोम्बु अभिलेखागाराची माहिती काढावी.

रानजाई
देवघाट, घंटेचा वेगळा धागा काढाल का, तिथे जरूर वाचेन. इथे मला वेळापत्रक हवं आहे.

पाऊलवाट, बाबांना विचारलंय. हे आधी लिहायला हवं असं वाटलं नव्हतं, पण ही भेट त्यांच्याचसाठी आहे. बाबा गोव्यातल्या डिचोलीचे. गोवामुक्तीच्या वेळी दहा वर्षांचे होते. पोर्तुगीज शाळेत त्यांच्याकडून पोर्तुगालच्या नद्या पाठ करून घेतल्या होत्या, त्या आजही ते ओळीने म्हणतात : मिन्यु, दोरु, तेजु. गावची नदी कुठून येते ते शाळेने कधी शिकवलं नाही, असंही म्हणतात. त्यांना ती तेजु, लिस्बनची नदी, बघायची आहे. राजवाडे नकोत. त्यांचं राजकीय मत मांडवीकाठ यांच्यासारखंच आहे, तरी थडगं बघायचंय, 'पुस्तकात होता तो खरंच आहे का बघतो' म्हणाले.

पणजीकर
मग तुमचे बाबा १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेले! ताई, त्यांना लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात जन्म नोंदवून पोर्तुगीज नागरिकत्वाचा दावा करता येतो. सोमवारी सकाळी तिथेच जा. जन्मदाखल्याची जुनी प्रत डिचोलीतून काढून घ्या. माझ्या धाकट्या भावाने केलं, आज मुलं युरोपात शिकताहेत. ही संधी सोडू नका.

मांडवीकाठ
आणि भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो ते का नाही सांगत? आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. ७४ व्या वर्षी माणसाला हे सुचवायचं?

पणजीकर
मी निर्णय घ्या म्हटलं नाही, माहिती दिली. आमच्याकडे घराघरांत हा प्रश्न आहे, तो काही लाजिरवाणा नाही.

रानजाई
बाबांना यात रस नाही. दोघांचेही आभार, पण हा विषय इथेच थांबवू या.

घाटवाट
आता चित्र स्पष्ट झालं. सिंत्रा गेलं. माझ्या मते असं करा.

रविवारी सकाळी आठच्या आत ग्रासावरून २८ ची ट्राम धरा, ती तुमच्या दारावरूनच जाते. उशीर केलात तर सुटते तिथे, मार्तिम मोनिशलाच भरून येते, उभं राहावं लागेल आणि पाकिटमारांचा सुळसुळाट असतो. खालच्या सपाट भागात, बाइशात उतरा, मग १५ नंबरच्या ट्रामने बेलेम. मठ उघडायच्या वेळेला दारात. मनोऱ्याचा जिना गोल आणि अरुंद आहे, तो बाहेरूनच बघा. दुपार बेलेमच्या नदीकाठावर.

सोमवारी कार्मो. १७५५ च्या १ नोव्हेंबरला भूकंपात छप्पर कोसळलं ते पुन्हा घातलंच नाही, कमानी उघड्या आभाळाखाली उभ्या आहेत. बाबांना मुद्दाम दाखवा. त्या दिवशी भूकंप, मग नदीतून आलेली लाट, मग आगी. त्यानंतर राजाचा मंत्री पोंबाल याने खालचं शहर सरळ रेषांत नव्याने वसवलं, म्हणून तेवढाच भाग सपाट आहे. तिथून तेर्रेरु दु पासुचा नदीकाठचा चौक. पाण्यात उतरणाऱ्या संगमरवरी पायऱ्या आहेत. आणि मग, खलाशीकाकांचं ऐका, संध्याकाळी साडेचारची फेरी.

खलाशी
जाताना बाबांना बोटीच्या मागच्या बाजूला बसवा, शहर तिकडे राहतं. येताना पुढे. वारा बोचरा असतो, कानटोपी असू द्या.

सुगरण_कोकण
खाण्याचं कुणीच सांगितलं नाही. पाश्तेल द नाता म्हणून जो गोड पदार्थ सगळे चघळतात तो अंड्याच्या पिवळ्याचा आहे, बाबांना चालणार नाही. भाताची खीर मिळते, आर्रोश दोस, तिच्यातही बरेचदा अंडं असतं. सूप शाकाहारी दिसलं तरी विचारा, काल्दु वेर्दमध्ये सॉसेजची चकती तरंगते. 'सें कार्न, सें पेइश, सें ओवु' (मांस, मासे, अंडं नको) एवढं पाठ करा. हॉटेलात बसल्या बसल्या पाव आणि ऑलिव्ह आणून ठेवतात, ते फुकट नसतं. नको तर हात न लावता परत पाठवा.

पण नोव्हेंबरात जाताय हे भाग्य. ११ तारखेला सांत मार्तिन्युचा सण, रस्तोरस्ती मीठ लावून चेस्टनट भाजतात. गाडीवर निळसर धूर, कागदाच्या पुडीत गरम गरम. वरचं कवच राखेने पांढुरकं होतं, सोलताना बोटं काळी होतात. फणसाच्या आठळ्या आवडत असतील तर बाबांना नक्की आवडेल. पूर्ण जेवणासाठी मार्तिम मोनिशच्या मागे भारतीय-नेपाळी हॉटेलं भरपूर. लुमियारला राधाकृष्ण मंदिर आहे, रस्त्याचं नावच अलामेडा महात्मा गांधी. तिथे शाकाहारी जेवण मिळतं, वेळ आधी विचारून घ्या.

रानजाई
खूप खूप आभार सगळ्यांचे. मठाचं रविवारचं तिकीट आत्ता काढलं. मीनाक्षी मावशी, लिफ्टचा पत्ता बाबांच्या वहीत लिहून दिलाय. एकच राहिलं : शनिवारी सांता अपोलोनियाहून ग्रासाला सामान घेऊन कसं जायचं? नकाशात अगदी जवळ दिसतंय.

घाटवाट
टॅक्सी. जवळ आहे, पण सरळ डोक्यावर आहे. आणि पोर्तोच्या ट्रेनचं तिकीट काढताना बाबांचं वय घाला, ६५ च्या वरच्यांना निम्मं भाडं लागतं. पासपोर्ट जवळ ठेवा, तपासनीस मागतो.

केशरमाड
विमा काढलाय ना पण?