विंडोज ११ नव्याने बसवल्यावर लॅपटॉपचा आवाज पूर्ण बंद. एनव्हीडीए वापरणाऱ्या भावासाठी मदत हवी

कोयनाकाठ:
नमस्कार. माझा धाकटा भाऊ दृष्टिहीन असून पदवीचा सारा अभ्यास तो लॅपटॉपवर एनव्हीडीए या स्क्रीन रीडरच्या, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या, आधारे करतो. विंडोज १० साठीचे साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यामुळे आम्ही ओळखीच्या तंत्रज्ञाकडून विंडोज ११ बसवून घेतले, आणि तेव्हापासून स्पीकर व इअरफोन या दोन्हींतून काहीही ऐकू येत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘मल्टिमीडिया ऑडिओ कंट्रोलर’ या नावावर पिवळे चिन्ह दिसते, आणि रिअलटेक कंपनीचा ड्रायव्हर (उपकरण विंडोजशी जोडून देणारा प्रोग्राम) चालवला तर उपकरण सापडत नसल्याचे सांगून तो थांबतो. सी ड्राइव्हमध्ये ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाचा मोठा फोल्डर आहे. तो जागेसाठी काढून टाकावा का? आवाजाशिवाय भावाला स्वतःहून एक फाइलही उघडता येत नाही आणि परीक्षा जवळ आली आहे.

शब्दवेध:
मूळ दुरुस्ती होईपर्यंत भावाचा अभ्यास थांबायला नको. यूएसबीला जोडायचा हेडफोन किंवा लहानसे यूएसबी साउंड कार्ड आणा. अशा उपकरणात आवाजाचे सर्किट स्वतंत्र असते आणि त्यासाठी लागणारा सर्वसाधारण ड्रायव्हर विंडोजमध्येच असतो, त्यामुळे लॅपटॉपच्या आतील ऑडिओ बंद असला तरी एनव्हीडीए बोलू लागेल. मीही स्क्रीन रीडरवरच काम करतो, म्हणून असे एक उपकरण प्रत्येक दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या पिशवीत असावे, असे मला मनापासून वाटते.

जुना तंत्रज्ञ:
‘विंडोज डॉट ओल्ड’ कृपया काढू नका. त्यात आधीच्या विंडोजच्या फाइली असतात आणि आपले उत्तर बहुधा त्यातच आहे. तो साधारण १० दिवसांनंतर विंडोज स्वतःहून पुसू शकते, म्हणून आजच त्याची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या.

प्रथम त्या पिवळ्या चिन्हाच्या नोंदीवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजच्या डिटेल्समध्ये हार्डवेअर आयडी पाहा. त्यात ‘व्हेन’ या अक्षरांनंतर ८०८६ असेल तर ते उपकरण इंटेलचे आहे. गेल्या काही वर्षांतील अनेक इंटेल लॅपटॉपमध्ये आवाज इंटेलच्या स्मार्ट साउंड या प्रक्रियकामार्फत जातो, आणि त्याचा ड्रायव्हर नसेल तर त्यामागचा रिअलटेक कोडेक, म्हणजे प्रत्यक्ष आवाज काढणारी चिप, विंडोजला दिसतच नाही. म्हणून रिअलटेकचा ड्रायव्हर आधी बसवण्याचा प्रयत्न फसतो. तो ड्रायव्हर सदोष आहे असे नव्हे, क्रम उलटा झाला आहे.

आता त्याच नोंदीवर ‘अपडेट ड्रायव्हर’ निवडा, ड्रायव्हर संगणकावरच शोधण्याचा पर्याय घ्या आणि विंडोज डॉट ओल्डमधील विंडोज, सिस्टम३२, ड्रायव्हरस्टोअर, फाइलरिपॉझिटरी या मार्गाचा फोल्डर दाखवा. उपफोल्डरही तपासण्याच्या चौकटीत खूण असू द्या. जुन्या विंडोजमध्ये आवाज नीट चालत होता, याचा अर्थ नेमका हवा तो ड्रायव्हर तिथे जपलेला असणार. कंट्रोलर मार्गी लागल्यावर नवी ऑडिओ नोंद उगवेल. तिच्यासाठीही हीच कृती करून संगणक पुन्हा सुरू करा.

हे जमले नाही, तर लॅपटॉपच्या उत्पादकाच्या संकेतस्थळावरून आपल्याच मॉडेलचे ड्रायव्हर घ्या, आणि तेही चिपसेट (मदरबोर्डवरील मुख्य चिप), स्मार्ट साउंड, मग रिअलटेक याच क्रमाने. सगळे ड्रायव्हर आपोआप शोधून देण्याचा दावा करणारी अनोळखी सॉफ्टवेअर मात्र टाळा. त्यांतून जाहिराती आणि नको ते प्रोग्राम शिरण्याचा धोका असतो.

कोयनाकाठ:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. यूएसबी हेडफोनवर भावाचे वाचन लगेच सुरू झाले, आणि जुन्या फोल्डरमधून आधी इंटेलचा व मग रिअलटेकचा ड्रायव्हर बसल्यावर स्पीकरही चालू झाले. आता एकच अडचण उरली आहे: थोडा वेळ शांतता राहिली की एनव्हीडीएच्या पुढच्या वाक्याचा पहिला शब्द अर्धवट ऐकू येतो. इतर कोणत्याही प्रोग्रामच्या आवाजात हे जाणवत नाही.

शब्दवेध:
वीज वाचवण्यासाठी ऑडिओ उपकरण शांततेत झोपी जाते आणि जागे होईपर्यंत शब्दाचा आरंभ निघून जातो. सलग चालणाऱ्या गाण्यात हे लक्षात येत नाही, पण तुटक बोलणाऱ्या स्क्रीन रीडरमध्ये हमखास कळते. एनव्हीडीएच्या अलीकडच्या आवृत्त्यांत, ऑडिओच्या सेटिंगमध्ये, बोलणे संपल्यावर उपकरण किती वेळ जागे ठेवायचे ते ठरवता येते. तो कालावधी वाढवून पाहा. आवृत्ती जुनी असेल तर आधी अद्ययावत करून घ्या, ती विनामूल्यच आहे.