मदत हवी आहे : ऑनलाइन वर्गात विशेष मुलांकडून गोष्ट कशी लिहून घ्यावी?

पाटीपेन्सिल
परवा तास आहे, म्हणून घाईत विचारतेय. विशेष मुलांचा सर्जनशील लेखनाचा वर्ग ऑनलाइन घेते. "मनातलं काहीही लिहा" म्हटलं की सगळे गप्प. चित्र दाखवलं तर चित्रात काय काय आहे त्याची यादी मिळते, गोष्ट नाही. एका मुलाची आई शेजारून सांगते आणि तो तेच म्हणतो. समोरासमोर हीच मुलं भरभरून बोलायची. पुस्तकांची नावं नकोत, करता येईल असं सांगा.

वडाची_सावली
विशेष म्हणजे नक्की कोण? स्वमग्न, डिसलेक्सिया, श्रवणदोष, प्रत्येकाची अडचण निराळी. वयं काय? फोन की लॅपटॉप? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

निळा_पतंग
व्हॉइस टायपिंग लावा. गूगलचं मराठीत २०१७ पासून आहे. मुलं बोलतील, आपोआप उमटेल. माझ्या भाच्याचा लिहिण्याचा कंटाळा त्यानेच गेला.

शेवंती
@निळा_पतंग, उच्चार स्पष्ट असतील तरच. नाहीतर भलतेच शब्द उमटतात आणि ते बघून मूल बोलायचंच थांबतं. हे मी वर्गात पाहिलंय.

रेघ
फॉन्ट बदलून बघा. डिसलेक्सियासाठी 'ओपनडिसलेक्सिक' नावाचा खास फॉन्ट फुकट मिळतो.

वडाची_सावली
तो रोमन लिपीसाठी आहे, देवनागरीला उपयोग नाही. रोमनमध्येही त्याने वाचन सुधारतं असं अभ्यासांत ठोसपणे दिसलेलं नाही.

पाटीपेन्सिल
फॉन्टचं मी विचारलंच नव्हतं. सहा मुलं, ११ ते १४ वयाची. दोघं स्वमग्न, तिघांना अध्ययन अक्षमता, एकीला सौम्य बौद्धिक अक्षमता. बहुतेक फोनवर.

शेवंती
आता सांगता येईल. मी विशेष शिक्षिका आहे.

"काहीही लिहा" ही सगळ्यात अवघड सूचना. कुठून सुरू करायचं तेच त्यांना कळत नाही. एका चित्राऐवजी दोन द्या : पहिल्यात टेबलावर अख्खी बरणी, दुसऱ्यात जमिनीवर काचा. विचारा, "मधे काय झालं?" यादी करून उत्तर देताच येत नाही, काहीतरी घडवावंच लागतं. स्वमग्न मुलांना चित्रं आदल्या दिवशी पाठवा, ऐनवेळी समोर आलेल्या गोष्टीने ती गोंधळतात.

प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजा. ऑनलाइन शांतता आपल्यालाच सहन होत नाही, आपण लगेच दुसरा प्रश्न टाकतो आणि मुलाचं पहिल्यावरचं विचार करणं तुटतं.

आणि गोष्ट रचणं व ती लिहून काढणं ही दोन कामं वेगळी ठेवा. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलाला फोनवर रोमन अक्षरांतून मराठी टाइप करायला लावणं म्हणजे दुप्पट ओझं. त्याने सांगावं, तुम्ही सगळ्यांना दिसेल असं टाइप करावं, अगदी त्याच्याच शब्दांत. व्याकरण सुधारायचं नाही. मग वाचून दाखवा आणि काय बदलायचं ते त्यालाच विचारा.

निळा_पतंग
मग लिहायला कधी शिकणार? सगळं बाईंनीच टाइप केलं तर ते मुलाचं लेखन कसं?

शेवंती
शब्द त्याचे, क्रम त्याचा, म्हणून त्याचं. शुद्धलेखनाचा तास वेगळा घ्यावा, मी घेतेच.

मोरपीस
आईने शेजारी बसून मुलाचा हात धरून टाइप करून घ्यावं. न बोलणारी मुलंसुद्धा पानंच्या पानं लिहितात म्हणे.

वडाची_सावली
कृपया हे करू नका. चाचण्यांमध्ये मुलाला एक चित्र आणि हात धरणाऱ्याला दुसरं दाखवलं, तेव्हा उत्तर हात धरणाऱ्याच्या चित्राचं आलं. अमेरिकेतल्या वाचा-भाषातज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये ही पद्धत वापरू नये असं स्पष्ट सांगितलंय. बोलता न येणाऱ्या मुलाला चित्रफलक द्या, पण बोट त्याचं त्याला ठेवू द्या.

मोरपीस
आईची तळमळ तुम्हाला दिसत नाही.

वडाची_सावली
दिसते, म्हणूनच लिहिलं. पाटीपेन्सिल, आईंना गप्प बसा म्हणू नका, काम द्या. एरवी घरात मुलगा आपणहून जे बोलतो ते त्यांनी जसंच्या तसं वहीत उतरवावं आणि तासाआधी तुम्हाला फोटो पाठवावा. तासाला मात्र त्यांनी त्याच्या नजरेआड बसावं.

रेघ
कॅमेरा सक्तीने चालू ठेवायला लावता का? आमच्याकडे त्यावरून पालकांचं मोठं भांडण झालं होतं.

पाटीपेन्सिल
नाही, सक्ती नाही. दोन चित्रं आज रात्रीच शोधते, आईंशी उद्या बोलते. अजून एक. एका स्वमग्न मुलाची प्रत्येक गोष्ट लिफ्टचीच असते. विषय बदलायला लावू का?

शेवंती
मुळीच नको. लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली तर आत कोण कोण आहे, तेवढं विचारा.