मनाली-लेह एकट्याने सायकलवर: सरचू ते पांग टप्पा ट्रकमध्ये टाकू का?

रानवारा
नमस्कार मंडळी. ऑगस्टमध्ये मनाली ते लेह सायकलवर एकटाच जातोय, सामान सगळं पॅनियरमध्ये (मागच्या चाकाला लटकवायच्या पिशव्या), सोबत गाडी वगैरे नाही. बाकीचे टप्पे कागदावर बसलेत पण सरचू ते पांग बघितलं की पोटात गोळा येतो. गाटा लूप्सची २१ वळणं, वर नकी ला ('ला' म्हणजे खिंड), तिथून थोडं उतरून परत लाचुंग ला आणि तो तर ५,००० मीटरच्या वर. ज्याला विचारावं तो सांगतो हा दिवस नुसता सोसायचा. तेवढाच टप्पा सायकल ट्रकमध्ये टाकून उरकली तर? एकट्याने कुणी केलाय का?

घाटमाथा
नको रे टाकूस! मी एकट्यानेच केलाय आणि माझ्या अख्ख्या ट्रिपमधला सगळ्यात भारी दिवस तोच. आदल्या रात्री सरचूच्या तंबूत मला झोप नव्हती, सकाळी निघताना पण वाटत होतं कुठल्यातरी वळणावर बसून ट्रकला हात करावा लागणार. सहाच्या आत निघालो. सुरुवातीचे वीस-पंचवीस किमी नदीच्या कडेने जवळपास सपाट आहेत, वारा दुपारी सुटतो त्यामुळे तेव्हा तो नव्हता, आणि मग समोर डोंगरावर ती घड्या घातलेली रेघ दिसली. पहिल्या दोन वळणांतच कळलं की हा चढ अंगावर येणारा नाहीये. रस्ता लष्कराचे भरलेले ट्रक चढावेत म्हणून काढलाय, चढ कमी करण्यासाठीच तर एवढी वळणं. साधारण ४,२०० वरून ४,६६० मीटरपर्यंत नेतो पण १० एक किमीत पसरवून. सिंहगडाचा चढ पायात असेल तर हा सौम्य आहे, कमी असते ती हवा. म्हणून सगळ्यात हलका गिअर, दोन पॅडलला एक श्वास, आणि प्रत्येक वळणावर थांबायचं. एकटा असल्याने कुणी पुढे ताटकळत नव्हतं, कुणाला गाठायचं नव्हतं, हवं तिथे हवं तेवढा वेळ थांबलो. दर वेळी खाली बघायचं, मघाशी आपण होतो ती घडी आता पायाखाली, तिच्याखाली आणखी एक, आणि नदी पार दोऱ्याएवढी.

चौदाव्या वळणावर एक ट्रक इंजिन थंड करायला उभा होता. क्लीनर पोरगा, वीसेक वर्षांचा असेल, केबिनच्या पायरीवर स्टोव्ह पेटवून चहा करत होता. मला बघून न विचारता स्टीलच्या ग्लासात ओतला, इतका गोड की ओठाला ओठ चिकटत होते. ड्रायव्हर म्हणाला, "महाराष्ट्र से? नासिक से प्याज बहुत भरा है हमने." हातमोजे काढून तो ग्लास दोन्ही हातांत धरला, बोटांत जीव आला ना तेव्हाचं सुख काय सांगू.

पुढे वर एक छोटं देवस्थान लागतं, पाण्याच्या बाटल्यांचा ढीग असतो तिथे. सांगतात की खूप वर्षांपूर्वी एक आजारी क्लीनर बंद पडलेल्या ट्रकपाशी मागे राहिला आणि पाण्यावाचून गेला, म्हणून येणारे-जाणारे पाणी ठेवतात. मघाचा तो पोरगा डोळ्यासमोर आला. माझी अर्ध्या लिटरची बाटली भरलेली होती, ती ठेवली आणि बराच वेळ तिथेच उभा राहिलो.

लाचुंग ला मात्र दमवतो, ते खोटं सांगणार नाही, रस्ताही तिथे खराब होता. पण त्यानंतर पांगपर्यंतचा उतार, दोन्ही बाजूंनी वाऱ्याने कोरलेले मातीचे सुळके, मी एकटा मोठमोठ्याने ओरडत उतरलोय तिथून!

चाकावरची
दादा, घाटमाथा यांच्याशी सहमत, पण चढापेक्षा उंचीची काळजी करा. जिस्पा साधारण ३,२०० मीटरवर आणि सरचू ४,२०० च्या पुढे, एका रात्रीत एवढी उडी मारू नका. मी जिस्पात दोन रात्री काढल्या, मग झिंगझिंगबारला एक, म्हणून सरचूला डोकं शांत होतं. डोकं ठणकायला लागलं, उलटी झाली तर पुढे चढायचंच नाही, आणि थांबून कमी होत नसेल तर सरळ खाली उतरायचं, तेव्हा ट्रकला हात करण्यात काही कमीपणा नाही. आणि एका दिवसात उरकायचा हट्ट कशाला? नकी ला उतरलात की व्हिस्की नाला लागतो, सीझनमध्ये तिथे तंबू असतात, मी तिथे मुक्काम करून लाचुंग ला सकाळी ताज्या पायांनी चढले. फक्त ती जागाही बरीच उंचावर आहे, तब्येत ठीक असेल तरच.

रानवारा
घाटमाथा, ताई, दोघांचे मनापासून आभार. जिस्पात एक रात्र वाढवतोय आणि व्हिस्की नाल्याचा मुक्कामही लिहून ठेवला. ट्रकचा बेत रद्द. एकच विचारायचंय, सरचूहून निघाल्यावर लूप्सपर्यंत पाणी भरायला कुठे मिळतं का? एक जास्तीची बाटली न्यायची आहे.

घाटमाथा
सरचूलाच सगळं भरून निघ, मध्ये भरवशाचं काही धरू नकोस. जास्तीची बाटली खालच्या पिशवीत ठेव, वर हाताशी ठेवलीस तर चढावर पिऊन टाकशील.