मदत हवी आहे: तापल्यावर छोट्या डर्ट बाइकचा पुढचा ब्रेक जातो

पुतण्याची ११० सीसीची डर्ट बाइक आहे, पुढे हायड्रॉलिक डिस्क. अंजनेरीकडच्या कच्च्या उतारावर थोडा वेळ चालवली की लिव्हर मऊ पडत पडत थेट ग्रिपला टेकतो. गार झाली की पुन्हा ठणठणीत. मागचा ब्रेक उत्तम.

ब्रेक ऑइल बदललंय, सीलबंद बाटलीतलं डॉट ४, एअरही नीट काढली. पॅड नवे, डिस्क सरळ, गळती कुठेच नाही. नुसते पॅड तापून पकड गेली असती तर लिव्हर कडक राहिला असता. इथे लिव्हरच बसतो, म्हणजे ऑइल उकळतंय. पण नवं डॉट ४ तर २३० अंशांपर्यंत टिकायला हवं! खटकणारी गोष्ट एकच: तापल्यावर ब्रेक सोडला तरी चाक घासत फिरतं.

पोराच्या जिवाचा प्रश्न आहे, म्हणून गाडी सध्या बंदच ठेवलीय. पार्ट नाशिकमध्ये मिळत नाहीत, बाहेरून मागवावे लागतात, त्यामुळे कॅलिपर (चाकाजवळचा, पिस्टनने पॅड दाबणारा भाग) आणि मास्टर सिलिंडर (लिव्हरजवळचा, ऑइल ढकलणारा भाग) अंदाजाने दोन्ही घ्यायचे नाहीत.

कॅलिपरचा पिस्टन अडकतोय की मास्टर सिलिंडरचं ऑइल परतीचं छिद्र बुजलंय, हे न खोलता कसं ओळखायचं? घासत असताना ब्लीड निपल (कॅलिपरवरचा एअर काढायचा स्क्रू) सैल केल्यावर चाक मोकळं झालं, तर दोष मास्टर सिलिंडरचाच धरायचा, की ब्रेक पाइपही आतून बुजलेला असू शकतो?