शिकारीच्या रायफलला बायपॉड: बुटका की उंच?

कर्वेनगरचे काका (विषय मांडणारे)
माझा मुलगा मोंटानात असतो, ग्रीन कार्ड आहे. तिथला हंटर एज्युकेशनचा कोर्स त्याने पूर्ण केला आणि यंदा पहिल्यांदाच मित्रांबरोबर म्यूल डिअरच्या (तिथलं एक हरीण) शिकारीला निघालाय. रायफल थ्री झीरो एट मापाच्या गोळीची. परवा व्हिडिओ कॉलवर म्हणाला, "बाबा, 6 ते 9 इंचांचा हॅरिस बायपॉड घेतोय, सगळे तोच घेतात." बायपॉड म्हणजे रायफलच्या नळीखाली लावायची दोन पायांची घोडी, हॅरिस ही कंपनी.

मी एनसीसीत पॉइंट टू टूची छोटी रायफल चालवली, पुढे बरीच वर्षं क्लबात. शिकार कधी केली नाही. तरी मला हा बायपॉड चुकीचा वाटतो. 6 ते 9 इंच म्हणजे 15 ते 23 सेंटिमीटर. रेंजवर, साफ केलेल्या जमिनीवर पालथं पडायचं तर ठीक. पण हरीण काही रेंजवर येत नाही.

खात्री करायला परवा सकाळी वेताळ टेकडीवर गेलो. हातात फक्त काठी आणि टेप. पालथा पडलो, डोळा जमिनीपासून वीतभर वर. समोर काय दिसलं? गवताची कुसळं. चार हातांवरचा दगडसुद्धा दिसेना. मग बसलो, गुडघे वर घेतले, कोपरं त्यांवर टेकवली आणि काठी रायफलसारखी धरली. जमिनीपासून काठीपर्यंत 57 सेंटिमीटर. समोरचा सगळा उतार मोकळा दिसला. हॅरिसचाच 13.5 ते 27 इंचांचा, म्हणजे 34 ते 69 सेंटिमीटरचा उंच बायपॉड मिळतो, तो बरोबर या मापात बसतो. माझं म्हणणं एवढंच, की आधी आपली बसायची उंची मोजा, कंपनी मग बघा.

निवृत्त सुभेदार, खडकी
अहो काका, टेकडीवरचं माप बरोबर, निष्कर्ष चुकला. पाय जितके लांब तितके ते डुलणार. बायपॉडवर रायफल नुसती ठेवून चालत नाही. खांद्याने पुढे रेटायची, पायांतला ढिलेपणा काढायचा आणि तसंच धरून चाप ओढायचा. बुटका पाय हा रेटा घेतो. उंच पायाला रेटलं की तो वाकतो, नाहीतर पुढे घसरतो. 250 यार्डांवर त्याचा हिशोब चुकता होतो.

गवत आडवं येतंय? जागा बदला. धार शोधा, खडक शोधा. मात्र खडकावर बायपॉड थेट टेकवू नका. टणक पृष्ठभागावर रायफल उसळते आणि गोळी वर जाते. खाली जाकीट घडी करून घाला.

दुसरं, मागचा टेकू कुणी बोलतच नाही. पुढे कितीही महाग बायपॉड असो, दस्ता (नळी ज्यात बसते आणि जो खांद्याला लावतो तो भाग) खांद्यावर लोंबकळत असेल तर नेम श्वासाबरोबर वरखाली होणार. जुना जाड मोजा घ्या, तांदूळ भरा, गाठ मारा, दस्त्याखाली ठेवा. मूठ आवळली की नेम उतरतो किंवा चढतो, केसाएवढा.

तिसरं, मुलाला विचारा, दस्ता प्लास्टिकचा आहे का. स्वस्त प्लास्टिक बायपॉडच्या रेट्याने वाकतं आणि दस्त्याचा पुढचा भाग नळीला टेकतो. मग टेबलावर जुळवलेला नेम रानात जुळत नाही. रिकाम्या रायफलला बायपॉड लावून रेटा द्यायचा आणि नळीखालून कागदाची पट्टी सरकवून बघायची. अडकली तर आधी दस्ता बदला.

बालेवाडीची नेमबाज
मला दोन्ही बाजू पटत नाहीत. मी बालेवाडीच्या रेंजवर काही वर्षं 50 मीटर रायफल केली. त्यात बायपॉड चालतच नाही. पट्टा दंडाला बांधायचा, कोपर टेकवायचं आणि हाडांवर रायफल पेलायची. आपल्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत 2010 ला म्युनिकमध्ये प्रोनच्या (पालथं पडून) विश्वविजेत्या झाल्या त्या अशाच. स्वप्नील कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ब्राँझ आणलं ते गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून, तिन्ही प्रकारे. नवख्याच्या हातात पहिल्याच दिवशी टेकू दिला की त्याचं शरीर काही शिकत नाही. टेकू नसेल त्या दिवशी तो काय करणार? पट्टा शिकवा काका. वजन शून्य, उलगडायला वेळ लागत नाही.

कर्वेनगरचे काका
ताई, पट्ट्याबद्दल मान्य, तो तर शिकायलाच हवा. पण तुमच्या अंगात कडक जाकीट असतं, अंतर ठरलेलं असतं, लक्ष्य जागचं हलत नाही. आणि नेम चुकला तर तिथे दहाऐवजी आठ पडतात. इथे पोटात गोळी लागलेलं जनावर रात्रभर रानात तडफडत फिरतं. माझी सगळी धडपड त्यासाठी आहे. पहिल्या शिकारीला जाणाऱ्याने जेवढा मिळेल तेवढा आधार घ्यावा, आणि आधार नीट बसला नाही तर गोळी सोडूच नये. हे मी मुलाला तीनदा सांगितलंय.

औंधहून
मला या चर्चेचाच त्रास होतोय. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे. भिगवणला आपण पहाटे थंडीत बसतो ते पक्षी बघायला. तीच दोन पायांची घोडी कॅमेऱ्याला लावा की! जनावर सुखाने मारायचं कसं, हा प्रश्न मला प्रश्नच वाटत नाही.

मूळचा सदाशिव पेठेतला, आता न्यूझीलंड
तुमच्या भावनेचा आदर आहे, पण प्रत्येक देशाचं रान वेगळं. न्यूझीलंडला वटवाघळं सोडली तर जमिनीवरचा मूळचा सस्तन प्राणीच नाही. इथली हरणं एकोणिसाव्या शतकापासून बाहेरून आणून सोडलेली. ती कोवळी झाडं वाढू देत नाहीत, म्हणून त्यांची संख्या कमी ठेवावीच लागते. भारतातही पिकं उद्ध्वस्त करणाऱ्या रानडुकरासारख्या जनावराला मारायची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक कायद्यानेच देऊ शकतात.

आता बायपॉड. काका, उंच बायपॉड मी दोन हंगाम वापरला. बसून मारायला उत्तम, यात सुभेदारसाहेबांशी माझा मतभेद आहे. बसल्यावर पाठ टेकायला खडक किंवा झाड मिळालं तर तो डुलत नाही. पण अर्ध्या किलोच्या आसपासचं ते लोखंड नळीखाली लटकवून दिवसभर डोंगर चढलो, झुडपात अडकलो आणि शेवटी काढून टाकलं. आता चढताना तो सॅकमध्ये असतो, बसायची जागा ठरली की लावतो. घाईच्या वेळी ट्रेकिंगच्या दोन काठ्या वरच्या टोकाला रबराने बांधून फुली करतो, त्यावर रायफल. आणि घेतलात तर डावी-उजवीकडे कलणारा घ्या. उतारावर एक पाय खाली जातो, रायफल तिरपी होते, दुर्बिणीतली फुली तिरपी होते आणि गोळी त्याच बाजूला, थोडी खाली पडते.

निवृत्त सुभेदार, खडकी
पाठीला खडक असेल तर माझा विरोध मागे. नसेल तर कायम.

कर्वेनगरचे काका
काल रात्री मुलाला अंगणात बसवून माप घ्यायला लावलं. 59 सेंटिमीटर. उंच, कलणारा बायपॉड मागवायला सांगितलाय, चढताना सॅकमध्ये ठेवायच्या अटीवर. कागदाची पट्टीही सरकवून बघितली त्याने. उजवीकडे अडकतेय, म्हणजे सुभेदारसाहेबांची शंका खरी निघाली. आता हंगामाआधी दस्ता बदलायला टाकतोय. ताई, पट्टा बांधायचं तुम्ही व्हिडिओवर दाखवाल का त्याला?

आणि साहेब, मोज्यात तांदूळ किती भरायचे?

निवृत्त सुभेदार, खडकी
पाव किलोपासून सुरुवात करा. गच्च भरू नका, मुठीत दबला पाहिजे.