प्रति: घरगुती राउटरला कुठलं वायफाय कार्ड?

जुन्या मिनी पीसीचा राउटर करायचा तर त्यात इंटेलचं एएक्स२०० वायफाय कार्ड टाका, स्वस्तात काम होतं, असं आधीच्या एका उत्तरात म्हटलंय, ते लॅपटॉपसाठी ठीक, राउटरसाठी नाही. ही कार्डं नेटवर्कला जोडायला बनवलीयत, नेटवर्क पसरवायला नाही. २.४ गिगाहर्ट्झवर हॉटस्पॉट चालतो पण ५ वर फर्मवेअरच, म्हणजे कार्डाच्या आतलं सॉफ्टवेअर, आडवं येतं, लिनक्समध्ये 'आयडब्ल्यू लिस्ट' मारलं की ५ च्या चॅनलांपुढे 'नो आयआर' लिहिलेलं दिसतं, म्हणजे तिथे कार्ड स्वतःहून सिग्नल सोडणार नाही आणि वायफाय सेटिंगमधला देशाचा कोड बदलूनही ते सुटत नाही. एएक्स२०१ तर घेऊच नका, ते फक्त इंटेलच्या ठरावीक प्रोसेसरांच्या बोर्डांवर चालतं. त्यापेक्षा मीडियाटेकचं एमटी७९१५ किंवा एमटी७९१६ बघा, ओपनडब्ल्यूआरटीत (राउटरसाठीची लिनक्स) ड्रायव्हर तयार असतो. फक्त बोर्डावरचा स्लॉट आधी तपासा, मिनी पीसीआयई (कार्डाचा जुना स्लॉट) दिसतो तो कधीकधी नुसता एमसाटा, म्हणजे डिस्कसाठीचा, निघतो.

अँटेनाबद्दल मात्र कोणीच बोललं नाही. एम.२ या नव्या स्लॉटच्या कार्डावर अँटेनाच्या वायरीसाठी बहुतेक वेळा एमएचएफ४ कनेक्टर असतो, जुन्या मिनी पीसीआयईवर यू.एफएल, दिसायला भाऊभाऊ पण पहिला बारीक, एकाची वायर दुसऱ्यावर दाबायला गेलात तर सॉकेटच उखडेल. बाहेरच्या टोकाला वायफायचा अँटेना सहसा आरपी-एसएमए, म्हणजे आटे आतून आणि मधे पिन नाही, भोक. पेटीवर साधा एसएमए फिमेल बसवला असेल तर आटे मस्त बसतात पण भोकासमोर भोक, मधला संपर्कच होत नाही, आणि माणूस ड्रायव्हरला शिव्या घालत बसतो. आणि ते लांबलचक ९ डीबीआयवाले (डीबीआय म्हणजे अँटेना सिग्नल एका दिशेला किती एकवटतो त्याचं माप) अँटेना दुमजली घरात नकोत, सिग्नल आडवा चपटा पसरतो, वरच्या मजल्याला नीट मिळत नाही, ३ ते ५ वाले बरे.